अण्णांना विचारशील का?

प्रिय बंड्या,

आधी पोटभर शिव्या देऊन घे, मग पुढे वाच. गणपतीत तू घरच्या मूर्तीचा फोटो टाकलास आणि मी त्यावर नुसता अंगठा टाकला, तेव्हापासून लाज वाटतेय. फोन करायचं दहा वेळा मनात आलं, पण आपलं फोनवर काय होतं तुला माहितीये, तू "हां बोल" म्हणतोस आणि मी पावसापाण्याचं बोलून ठेवून देतो. म्हणून आज रात्री सगळे झोपल्यावर टाइप करत बसलोय. इकडे ठीक, माझी शुगर आहे तिथेच आहे, बाबांचं पुढे लिहितो.

आम्ही व्हिएतनामला जाऊन आलो. हसू नकोस. हल्ली मुंबईहून थेट विमान आहे, डोंबिवलीतला दर तिसरा माणूस जाऊन आलाय. पोरीने पहिल्या पगारातून बुकिंग केलं, मला फक्त पासपोर्ट मागितला. बाबांजवळ पाच दिवस ताई येऊन राहिली. नको म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती, कारण तुझ्या अण्णांचं सायगाव, म्हणजे आताचं हो ची मिन्ह शहर. आठवतं ना? गॅलरीत स्टूल टाकून, बनियनवर, हातात विडी, "सायगाव पडलं तेव्हा आम्ही मिलच्या खात्यात पेढे वाटले रे पोरांनो." मला कितीतरी वर्षं ते चिपळूणजवळचं एखादं गाव वाटायचं. आणि ती जमिनीखाली राहणारी माणसं! अण्णा सांगायचे, वरून विमान बॉम्ब टाकतंय आणि खाली बिळात बाई भात शिजवतेय, आणि धूर दिसत नाही. मी तेव्हाच म्हणलो होतो की अण्णा थापा मारतात आणि तू मला कॅरमच्या स्ट्रायकरने मारलंस. नाही, स्ट्रायकर बांगड्यांच्या वेळी. ह्या वेळी बहुतेक चावला होतास.

तर बंड्या, थापा नव्हत्या. ती चूल मी डोळ्यांनी बघून आलो.

पोरीने एका दिवसाची टूर घेतली होती, सकाळी कू चीची भुयारं (अमेरिकेशी लढणारे गनीम त्यातच राहायचे) आणि दुपारी मेकाँगचा त्रिभुज प्रदेश. नकाशात बघ, एक सायगावच्या वायव्येला, दुसरं नैर्ऋत्येला, म्हणजे सकाळी टिटवाळा करून जेवायला अलिबागला जायचं असा प्रकार. अर्धा दिवस बसमध्येच जातो. मला गाडी लागते म्हणून मी गाईडच्या बाजूची पुढची सीट पकडली (घाटातली सहल आठव आणि गप्प बस). त्या सीटमुळेच हे पत्र लिहितोय, पण ते नंतर.

कू चीला आधी एक जुनी काळीपांढरी प्रचारफिल्म दाखवतात, त्यात अमेरिकन मारले म्हणून मेडल मिळालेल्या पोरी. मग जंगल. जंगल म्हणजे नंतर वाढलेली झाडं, मूळचं सगळं बॉम्ब आणि विषारी फवारणीत गेलेलं. मध्येच मोठमोठे खड्डे, बी-५२ विमानांनी केलेले, आता त्यात पाचोळा. आणि सगळीकडे गोळीबाराचा आवाज, कारण तिथे पर्यटकांसाठी शूटिंग रेंज आहे, गोळीमागे पैसे मोजायचे आणि एके-४७ झाडायची. पोरीला हौस होती, मी नाही म्हणलो, चिडली. अरे ज्या जागी माणसं आवाज न करता जगली तिथे दिवसभर ठो ठो. मला ते काही पटलं नाही.

गाईडने पाचोळा बाजूला केला तर खाली लाकडी झाकण, आपल्या शाळेच्या पाटीपेक्षा जरासं मोठं. तो त्यात उतरला, झाकण दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि गायब. वर नुसती पानं. मग म्हणाला कोण येतं. मी अण्णांच्या नावाने उतरलो आणि कमरेशी, म्हणजे जिथे पूर्वी कंबर होती तिथे, अडकलो. दोन कोरियन पोरांनी काखेत हात घालून बूच काढावं तसं बाहेर काढलं. बायकोने त्याचा व्हिडिओ केलाय, तुला पाठवणार नाही.

पुढे खऱ्या भुयारात शिरलो. टूरिस्टांसाठी रुंद केलंय म्हणतात, तरी ओणवं, मग गुडघ्यांवर. माती थंड आणि इतकी घट्ट की बोटाने खरवडली जात नाही. फ्रेंचांच्या वेळी १९४० च्या दशकात खणायला सुरुवात झाली आणि अमेरिकनांच्या वेळेपर्यंत अडीचशे किलोमीटरचं जाळं झालं. गंमत म्हणजे १९६६ मध्ये अमेरिकनांनी कू चीला छावणी टाकली ती थेट भुयारांच्या डोक्यावर. रात्री आतून गोळ्या यायच्या आणि ह्यांना कळेना कुठून. मी वीसेक मीटरवरच पहिल्या वाटेने वर आलो. घाम, आणि छातीत धडधड. ती माणसं वर्षानुवर्षं राहिली, साप, विंचू, मलेरिया, सगळ्यांसकट.

चूल सांगतो. खाली खोलीत चूल, धूर एकदम वर नाही सोडायचा, लांब चरातून एकामागून एक खोल्यांत फिरवून थंड करायचा आणि दूर कुठेतरी जमिनीलगत बारीक भोकांतून सोडायचा. शिजवायचं पहाटे, म्हणजे निघालेला धूर धुक्यात मिसळतो. होआंग काम नावाच्या सैनिकाने काढलेली युक्ती, त्याच्याच नावाने ती चूल ओळखतात. अण्णांना हे नाव सांग. त्यांना कदाचित माहीत असेल.

खायला काय दिलं सांगू? उकडलेला टॅपिओका आणि सोबत शेंगदाणे, तीळ, मीठ-साखरेचं कूट. भुयारातलं रोजचं जेवण हेच. टॅपिओका म्हणजे ज्याचा आपला साबुदाणा होतो तोच कंद. पोरगी म्हणाली, बाबा, अमेरिकेला एकादशीने हरवलं. मेव्हण्याने निघताना बजावलं होतं की तिथे शिवाजी महाराजांचं विचार, त्यांच्या नेत्याच्या थडग्यावर महाराजांचं नाव आहे म्हणे. ते व्हॉट्सॲपवरचं रे, तुलाही दहा वेळा आलं असेल. तरी विचारलं. गाईडला काहीच माहीत नव्हतं. मग मीच त्याला गनिमी कावा, प्रतापगड, सगळं हातवारे करून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "सेम सेम." मला तेवढं पुरलं.

दुपारी 'मी थो' नावाचं मेकाँगकाठचं ठिकाण. मेकाँगला तिकडे नऊ ड्रॅगनांची नदी म्हणतात. पाणी दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं, त्यावर जलपर्णीची बेटं वाहतायत. मध्ये चार बेटं, ड्रॅगन, युनिकॉर्न, कासव आणि फिनिक्स. आम्हाला युनिकॉर्नवर उतरवलं. मधाचा चहा, गळ्यात अजगर घालून फोटो (बायकोने घातला, मी लांबून काढला), मग फळांच्या बश्या आणि गाणं. ते त्यांचं पारंपरिक, युनेस्कोच्या यादीतही आहे २०१३ पासून, एक तंतुवाद्य असं काही रडत होतं की मला आपल्या चाळीतल्या भजनाची रात्र आठवली, पण दोन गाणी झाली की टीपची टोपली फिरते आणि पुढचा ग्रुप दारात उभाच. होडीचंही तसंच. वल्हवणारी मावशी शंकूच्या टोपीतली, दोन्ही बाजूंनी पाण्यातल्या नारळाच्या झावळ्या, दहा मिनिटं स्वर्ग. तुझ्या खाडीची आठवण झाली, भरतीच्या वेळची. कोरड्या महिन्यांत समुद्राचं खारं पाणी नदीतून आत चढतं आणि भात करपतो, असं गाईड म्हणाला. तुमच्या बांधासारखंच दुखणं.

पलीकडे फिनिक्स बेट दिसत होतं. तिथे एक साधू राहायचा, कोकोनट मंक म्हणतात त्याला, फ्रान्समध्ये शिकून आलेला. तीन वर्षं नुसत्या नारळावर जगला म्हणे. लढाई चालू असताना हा म्हणायचा दोन्ही बाजूंनी भांडण थांबवा. दोन्ही राजवटींनी त्याला आत टाकलं. आधी अमेरिकेच्या बाजूच्या सायगाववाल्यांनी, १९७५ नंतर जिंकलेल्या कम्युनिस्टांनी.

आता मुद्द्याचं.

परतताना अंधार पडला, सगळी बस घोरत होती. गाईडने माईक ठेवून दिला होता. मी सहज विचारलं, तुझ्या घरचं कोणी होतं का भुयारात? म्हणाला, मामा. मग थोड्या वेळाने, रस्त्याकडे बघतच, "माय फादर, राँग साइड." बाप सायगावच्या आर्मीत. १९७५ नंतर काही वर्षं सुधारणा छावणीत होता, आला तेव्हा केस पांढरे. मामाला मेडल, बापाला शिक्का. घरं एकाच गावात, शंभर पावलांवर. सणाला आजी दोघांना एका ताटाभोवती बसवायची, दोघं बसायचे, पण बोलायचे नाहीत. ह्याचं काम काय तर मध्ये बसून "मामा म्हणतायत फिश सॉस दे" एवढं पोचवायचं. बाप गेला, पाठोपाठ मामा गेला. घरच्या देवघरात आता दोघांचे फोटो शेजारी आहेत. बापाचा गणवेशातला फोटो आईने त्याच वर्षी जाळला होता, म्हणून लग्नातला साध्या शर्टातला लावलाय.

बंड्या, सकाळी भुयारापाशी तो माईकवर दिवसाला शंभरदा "एनिमी" म्हणतो ना, त्यात त्याचा बाप पण येतो.

मी त्याला काही बोललो नाही. काय सांगणार, आमच्याकडे पण एक गॅलरी होती?

बाबांचं आता असं झालंय की ते १९८२ मध्येच, मिलच्या संपातच राहतात. डॉक्टर म्हणतात विस्मरण, वयाने होतं, वाद घालू नका. सकाळी मला सांगतात खाली जाऊ नको, पिकेटिंग चालू आहे. लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीत. जेवताना अर्धी भाकरी बाजूला काढतात, "अण्णाकडे देऊन ये, पोरं उपाशी असतील." रोज. मी आधी सांगायचो की बाबा, संप संपला. मग एक दिवस लक्षात आलं की तो अधिकृतपणे मागे घेतलाच नाही कधी! अडीच लाख माणसं रस्त्यावर आली आणि कोणी "संपला" म्हणलंच नाही. म्हणजे तसं बघितलं तर बाबाच बरोबर आहेत.

पण मुद्दा हा पण नाही. निघायच्या आधी एका रात्री गोळी देताना माझा हात धरला आणि एकदम स्पष्ट म्हणाले, "अण्णानेच सांगितलं मला. म्हणाला तू जा कामावर, तुझी आई जाईल नाहीतर. मी वरून शिव्या घालीन, तू खाली मान घालून जा."

तेव्हा आजी दवाखान्यात होती हे तुलाही आठवत असेल. बाकी मला काहीच माहीत नाही. मी चौथीत होतो, मला फक्त वर्गात "फितुराचा पोरगा" एवढंच ऐकू यायचं, आणि तू पण म्हणला होतास, एकदाच, पण म्हणला होतास. मग तुम्ही सामान बांधून गावी गेलात आणि बाबा मिल बंद पडेपर्यंत कामाला जात राहिले. चाळीस वर्षं दोघांनी एकमेकांचं नाव घेतलं नाही. आता हे खरं आहे, का बाबांच्या डोक्याने स्वतःला झोप लागावी म्हणून रचलंय? माझा अंदाज रोज बदलतो. खरं असेल तर अण्णांनी स्वतःची नोकरी घालवून वर चाळीस वर्षं हे पोटात ठेवलंय. खोटं असेल आणि मी विचारलं, तर ह्या वयात त्यांच्या जखमेवर मीठ. आणि खरं असेल तर आमच्या दाराला लावलेला बांगड्यांचा हार पण अण्णांनीच लावला असणार, नाटक पक्कं व्हावं म्हणून! म्हणजे मी खरं बोलत होतो आणि स्ट्रायकर फुकट खाल्ला. खूण अजून आहे, केस गेल्यामुळे आता लांबून दिसते.

तू ठरव. अण्णा कसे आहेत, कितपत ऐकू येतं, संतापतात का अजून, मला काही अंदाज नाही. विचारायचं नसेल तर नको विचारूस, मला नुसतं "नाही" एवढं टाक. विचारलंस तर थेट विचार, माझं नाव घे. ते "हो" म्हणाले तर व्हिडिओ कॉल लावू, किंवा मी बाबांना गाडीत घालून घेऊन येतो, लिफ्टचं बघतो काहीतरी.

वहिनींचं गुडघ्याचं झालं का? मोठीला नोकरी लागल्याचं उडत उडत कळलं, अभिनंदन सांग. आंबा कसाय यंदा?

तुझा,
पक्या

ता.क. तिकडच्या, मेकाँगकाठच्या बेन त्रेच्या नारळाच्या वड्यांचं पाकीट कुरियर केलंय. वरचा कागद काढायचा, आतला पातळ पापुद्रा काढत बसू नकोस, तो तांदळाचा असतो, तसाच खायचा. फार चिकट आहेत. अण्णांना दात आहेत ना अजून?