मकातीचं जुनं गाव बसच्या खिडकीतून

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: मनिला सहलीत ‘मकाती: व्यापारपेठ आणि जुनं गाव’ हा जाहीर केलेला कार्यक्रम न दिल्याबद्दल.

महोदय,

गेल्या महिन्यात मी आणि माझे यजमान आपल्यातर्फे फिलिपिन्सला जाऊन आलो. विमान, हॉटेल, जेवण यांबद्दल काही म्हणणं नाही. तक्रार आहे ती शनिवारच्या, मनिला महानगरातल्या मकाती शहराच्या दिवसाची, ज्यासाठी आपण माणशी वेगळे पैसे घेतलेत.

आपल्या माहितीपत्रकात छापलंय: सकाळी साल्सेदोचा शनिवारचा बाजार, मग अयाला अव्हेन्यूवर पायी फेरी, दुपारी जीपनीने (तिथल्या सामायिक प्रवासी गाडीने) पोब्लासिओनला, म्हणजे मकातीच्या जुन्या गावात जाऊन जुनं चर्च, शहराचं संग्रहालय आणि पासिग नदीचा काठ, सोबत ‘तिथेच लहानाच्या मोठ्या झालेल्या’ स्थानिक मार्गदर्शक. या शेवटच्या शब्दांसाठी आम्ही हा दिवस घेतला. काचेच्या उंच इमारती पाहायला मनिलापर्यंत जायची गरज नव्हती, त्या वांद्रे-कुर्ला संकुलातही आहेत.

प्रत्यक्षात बस हॉटेलवरून निघालीच उशिरा. बाजारात जेमतेम एक फेरी झाली आणि सगळ्यांना बोलावून घेतलं. त्यानंतर एक मॉल, मग दुसरा मॉल, आणि मग भेटवस्तूंचं एक दुकान, ज्याची कुपनं आपल्या कंपनीच्या पाकिटातच होती. पायी फेरी झाली नाही. जीपनीत कोणी बसलं नाही. पोब्लासिओनचं चर्च बसच्या खिडकीतून दाखवलं. बस थांबलीसुद्धा नाही.

काय हुकलं ते आम्हाला आपल्याच मार्गदर्शक बाईंमुळे कळलं, म्हणून जास्त वाईट वाटतं. त्या पोब्लासिओनच्याच. बस सिग्नलला उभी राहिली की त्या घाईघाईने सांगत होत्या: अयाला अव्हेन्यू आणि पासेओ दे रोहास हे रस्ते इतके सरळ आहेत, कारण 1937 मध्ये सुरू झालेल्या नील्सन विमानतळाच्या त्या धावपट्ट्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात त्यावर बॉम्ब पडले, युद्धानंतर विमानतळ बंद झाला आणि त्या जागेवर आजची व्यापारपेठ उभी राहिली. नियंत्रण मनोरा अजून तिथेच आहे, अयाला ट्रँगल बागेच्या कडेला. तो आम्ही पाहिला नाही! या भागातली ऑफिसची माणसं दुपारी गल्लीतल्या ज्या छोट्या टपऱ्यांवर भात-कालवण खातात, त्यांना ‘जॉलीजीप’ म्हणतात हेही त्यांनीच सांगितलं. त्या वेळी आम्ही मॉलच्या फूड कोर्टात रांगेत होतो.

आणि गाव तर या सगळ्याच्या कितीतरी आधीचं. सान पेद्रो दे मकाती हे त्याचं जुनं नाव, चर्च मूळचं 1620 सालचं, जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाने बांधलेलं. 29 जूनला संत पीटर आणि पॉल यांचा सण असतो, त्याबद्दल बाई बोलायला लागल्या तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. तेवढ्यात बससोबतच्या आपल्या कर्मचाऱ्याने ‘वेळ नाही’ म्हणून त्यांना थांबवलं. व्यापारपेठेपासून हे गाव जेमतेम दोन-अडीच किलोमीटरवर आहे. दुकानात घालवलेल्या वेळात तिथे आरामात जाऊन येता आलं असतं.

ज्या बाईंच्या गावाच्या नावावर आपण तिकिटं विकलीत, त्यांनाच ते गाव दाखवू दिलं नाहीत. मला ही गोष्ट पैशांपेक्षा जास्त खुपली आहे. त्यांच्यावर कृपया कोणताही ठपका ठेवू नये. दोष वेळापत्रक आखणाऱ्यांचा आहे.

माझ्या मागण्या अशा: पावतीत मकातीच्या दिवसाची स्वतंत्र दाखवलेली रक्कम आम्हा दोघांना पूर्ण परत करावी. पुढच्या गटांसाठी दुकानाचा थांबा एकतर काढावा, नाहीतर माहितीपत्रकात तसा स्पष्ट छापावा. पोब्लासिओनमध्ये किमान दोन तास पायी फिरण्यासाठी ठेवावेत, आणि तिथे काय दाखवायचं ते मार्गदर्शकाला ठरवू द्यावं.

जाहीर केलेली सेवा न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेतील त्रुटी आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी आमच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करणार आहे. माहितीपत्रक, पावती आणि त्या दिवसाचे फोटो सोबत जोडले आहेत.

कळावे,
आपली ग्राहक
(सही)