काका, तुम्ही मला फसवलंत, त्याबद्दल आभार

प्रिय काका,

नाव घालू नकोस म्हणालात, म्हणून नुसतं काका. न्यू जर्सीतल्या एडिसनमधली निम्मी मराठी माणसं तरीही ओळखतील. जायंट्स या अमेरिकन फुटबॉल संघाची निळी टोपी घालून गणपतीच्या आरतीला उभे राहणारे तुम्ही एकटेच.

दीड वर्षापूर्वी आमच्या फराळाच्या धंद्याची काय दशा होती, ते तुम्ही पाहिलंत. मी आणि चुलतदादा, निम्मे-निम्मे भागीदार. दोन किल्ल्या, दोन हिशेबवह्या. दादाला काही कळवायचं तर मी अकाउंटंटला फोन करायचो. बाहेरचा मॅनेजर आणायचा, एवढ्यावर एकमत होतं. पण त्याने नाव काढलं की मला त्यात डाव दिसायचा आणि मी काढलं की त्याला. सल्ला द्यायला रांग होती. प्रत्येक जण कुणाचा तरी माणूस.

त्या संध्याकाळी चहात चकली बुडवत (कशी खाता हो ती तशी?) तुम्ही मला मॅरा घराण्याची गोष्ट सांगितलीत. मी क्रिकेटवाला. अमेरिकन फुटबॉल म्हणजे शिरस्त्राणं घालून केलेली ढकलाढकली, एवढीच माझी समजूत. पण ही गोष्ट भाऊबंदकीची निघाली. थोरल्या टिम मॅराने 1925 साली 500 डॉलरला घेतलेला न्यूयॉर्क जायंट्स हा संघ दोन मुलांत निम्मा-निम्मा वाटला गेला. 1965 मध्ये थोरला जॅक वारला आणि त्या बाजूचा कारभार त्याच्या मुलाकडे, आजोबांचंच नाव लावणाऱ्या टिमकडे आला. समोर काका वेलिंग्टन. ‘पुढचं मराठी माणसाला काय सांगायचं!’ म्हणून तुम्ही हसलात.

मग 19 नोव्हेंबर 1978. तुम्ही स्टेडियममध्ये होतात. फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाविरुद्ध जायंट्स 17-12 ने पुढे, अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ उरलेला. जायंट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक डाव सुरू करणारा खेळाडू, पिसार्सिक याने चेंडू धरून गुडघा टेकला असता तरी सामना संपला असता. त्याऐवजी तो चेंडू शेजाऱ्याच्या हाती द्यायला गेला आणि चेंडू निसटला. हे सांगताना तुम्ही टेबलावरची चकली उडवलीत आणि दुसऱ्या हाताने झेललीत. ‘असा. आयता ईगल्सच्या हर्म एडवर्ड्सच्या हातात.’ 19-17 ने हरलो. पार्किंगमध्ये किती तरी वेळ तुम्ही गाडीची किल्लीच फिरवली नाहीत. पुढे लोकांनी तिकिटं जाळली, आणि डोक्यावरून विमान फिरलं, मागे फलक: पंधरा वर्षं भिकार फुटबॉल, आता पुरे.

खरा प्रश्न त्यानंतरचा. नवा जनरल मॅनेजर नेमायचा, आणि काका-पुतण्या एकमेकांचं ऐकेनात. पत्रकार परिषदासुद्धा वेगवेगळ्या. शेवटी सगळ्या संघांच्या लीगचा कमिशनर, म्हणजे प्रमुख, पीट रोझेल मध्ये पडला. तो काही साधू नव्हता. न्यूयॉर्कचा संघ हास्यास्पद होणं लीगला परवडणारं नव्हतं. पण दोघांपैकी एकाचाही तो माणूस नव्हता. त्याने नाव सुचवलं जॉर्ज यंगचं: जाडजूड, चष्मेवाला, एके काळी बाल्टिमोरच्या शाळेत इतिहास शिकवणारा. फेब्रुवारी 1979 मध्ये तो आला आणि त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्याने क्वार्टरबॅक फिल सिम्स निवडला, तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली. जानेवारी 1987 मध्ये त्याच सिम्सने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला, 39-20. चार वर्षांनी संघाने दुसरा जिंकला.

गोष्ट संपवून तुम्ही एका पाकिटाच्या मागे एक नाव आणि नंबर लिहिलात. ‘माझ्याकडून समज. दोघांनी एकदा भेटा.’

बाई आल्या. पूर्वी शाळेचं कँटीन सांभाळलेल्या. पहिल्याच आठवड्यात दोन वह्यांची एक केली आणि अनारसे बंद केले. त्यात तोटा आहे म्हणाल्या. मी भडकलो. दादाही भडकला. कित्येक महिन्यांत आमचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट. बाईंनी दोघांचंही ऐकलं नाही, आणि या दिवाळीला आम्ही कर्ज न काढता बेसन भरलं.

आता फसवणुकीचं. परवा दादा बोलता बोलता म्हणाला की बाईंचं नाव मुळात त्याचंच होतं. ‘मी सांगितलं तर तो नाही म्हणेल,’ म्हणून त्याने ते तुमच्याकडे दिलं होतं. मी घरी येऊन मॅरांबद्दल वाचत बसलो. तर म्हणे जॉर्ज यंग मुळात वेलिंग्टनच्याच मनात होता, आणि पुतण्या अडेल म्हणून ते नाव रोझेलच्या तोंडून आलं. म्हणजे गोष्टीचा नेमका हाच तुकडा तुम्ही चहाबरोबर गिळलात! तेव्हा सांगितला असतात तर मी बाईंना दारातूनच परत पाठवलं असतं.

राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण पाकीट अजून गल्ल्यात आहे.

मालकांच्या कक्षात काका-पुतण्याच्या मध्ये आडपडदा लावला होता, असं तुम्हीच सांगितलं होतंत. रविवारी मॅच बघायला तुमच्याकडे येतोय, दादाही येतोय. सोफ्यावर मध्ये तुम्ही बसा. चकल्या मी आणतो.

तुमचा,
निम्म्याचा मालक