काथ्या कामगारांपासून अर्थमंत्रिपदापर्यंत

महोदय,
केरळचे माजी अर्थमंत्री थॉमस आयझॅक यांच्याविषयी आपल्याकडे फारच कमी लिहिले जाते. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या या नेत्याने पीएचडी केली ती आलप्पुळाच्या काथ्या कामगारांवर. पुढे तिथूनच ते आमदार झाले. १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेत त्यांचा मोठा वाटा होता. त्या मोहिमेतून केरळच्या योजना निधीतला ३५ ते ४० टक्के पैसा पंचायती-नगरपालिकांकडे गेला आणि आधी विहीर की रस्ता, हे ग्रामसभेत ठरू लागले. त्यांची सगळी मते मला पटत नाहीत. अर्थसंकल्पाबाहेर, म्हणजे त्यात न दाखवता, काढलेल्या सरकारी कर्जांविषयीची तर मुळीच नाहीत. पण आमच्या ग्रामसभेत कोरमही भरत नाही, कारण ठरवायला हाती पैसाच नसतो. तो आमच्या सरकारने द्यावा.

– एक वाचक, सांगली