आधी बाहेर पडायची वाट शोध

सातारा,
रविवार, दुपार

प्रिय दिग्या,

"नोट्ससाठी एखादं बरं अ‍ॅप सांग" एवढंच तू विचारलंस आणि मी पत्र लिहायला बसलोय. तेव्हा चहा घेऊन बस. मालवणी शब्दांच्या तुझ्या सहा वह्या मी पाहिल्यात, म्हणून एका ओळीत उत्तर द्यायचा धीर होत नाही.

आईच्या ओव्या आठवतात? डीटीपीचं दुकान होतं तेव्हा, २००१ साली, रात्री बसून मी त्या टाइप केल्या होत्या. गेल्या दिवाळीत ताईने मागितल्या. सीडी चालली, फाइल उघडली आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी! आमचे तेव्हाचे फॉन्ट म्हणजे सोंगंच रे. कॉम्प्युटरच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षर, वर मराठीचा मुखवटा. फॉन्ट गेला, मुखवटा गळला. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, त्यात तसं नाही. तिथे 'क'चा क्रमांक २३२५, मग फॉन्ट कुठलाही लाव. देवनागरी त्यात १९९१पासून आहे, पण आमचं पोट पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरवर, आम्हाला कुठली त्याची खबर! शेवटी जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडात बदलणारा एक कन्व्हर्टर मिळाला, तर पहिल्या वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या, कारण जुन्या फॉन्टांत ती वेलांटी आम्ही अक्षराच्या आधी टाइप करायचो. आई असती तर एका बैठकीत सगळं सरळ झालं असतं. आता काही ओळी ताई नि मी अंदाजाने लावतोय.

म्हणून अ‍ॅप किती देखणं आहे ते मागाहून बघ. आधी त्यात दहा शब्द भर, बाहेर काढ आणि साध्या नोटपॅडमध्ये उघड. वाचता आले तर पुढचं बोलू. स्प्रिंगपॅड नावाचं अ‍ॅप लोक आवडीने वापरायचे, ते २०१४ मध्ये बंद झालं. कंपनी चांगली की वाईट हा प्रश्नच नाही, दुकानं बंद होतातच. माझंही झालं.

नोट्ससाठी मी सध्या ऑब्सिडियन वापरतो. त्याच्या नोट्स म्हणजे आपल्याच फोल्डरमधल्या साध्या मजकुराच्या फाइली. ठळक अक्षर, मथळा वगैरेंच्या खुणा मार्कडाउनच्या. ती पद्धत जॉन ग्रुबरने २००४ साली आणली. मथळ्याच्या आधी एक हॅश (#), बस्स. उद्या ऑब्सिडियन गेलं तरी फाइली जागच्या जागी. दुसरा पर्याय जॉप्लिनचा. ते मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, ही त्याची जमेची बाजू. पण ते नोट्स स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं, मार्कडाउन हवं तर एक्स्पोर्ट करावं लागतं. तू एक्स्पोर्ट करायचं विसरशील, मी तुला ओळखतो. म्हणून तुझ्यासाठी ऑब्सिडियन. फक्त त्यात वरून जोडायच्या प्लगइनांच्या नादी लागू नकोस, त्यांची करामत बाहेर टिकत नाही.

आणखी एक, हे तुला कुणी सांगणार नाही. 'वाऱ्यावर'मधला 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो. दिसायला सारखेच, पण आतले क्रमांक वेगळे, त्यामुळे एक शोधला तर दुसरा सापडेलच असं नाही. फोन नि कॉम्प्युटर, दोन्हीकडे एकदा हे तपासून घे. नाहीतर शब्द असूनही नाही म्हणेल.

वह्यांच्या पानांचे फोटोही त्याच फोल्डरात टाक आणि महिन्याला एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन मुलाकडे पुण्याला ठेव.

सहावी वही, ती माशांच्या नावांची, मला कुरियर कर. नको, कुरियर नको. गणपतीला येणारच आहे, तेव्हा तुझ्या पडवीत बसून टाइप करीन. तू वाच, मी लिहितो. तुझं ते अक्षर मला एकट्याला लागायचं नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या