ताई, तुम्ही फोन ठेवला नाहीत

ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते रुचायचं नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत, कारण त्याआधी माझी शोभाही चारचौघांतच झाली होती.

काम ते केवढं! लिनक्सचं मशीन चालू झालं की माझी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, आपोआप चालावी आणि आदल्या दिवसाच्या फाइली दुसऱ्या मशीनवर जाव्यात. हाताने चालवली की स्क्रिप्ट निमूट चालायची. मशीन बूट झाल्यावर, म्हणजे नव्याने सुरू झाल्यावर, मात्र ढिम्म.

पहिला सल्ला मिळाला, "आरसी-लोकलमध्ये एक ओळ टाक, झालं." आरसी-लोकल म्हणजे मशीन सुरू होताना चालवायच्या आज्ञांची जुन्या पद्धतीची फाइल. माझ्या मशीनवर ती नव्हतीच. बनवली. तरी काही नाही. फाइलला एक्झिक्युटेबल परवानगी, म्हणजे चालवण्याची मुभा, नसेल तर सिस्टमडी (मशीन सुरू होताना बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्राम) तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, हे सांगायची तसदी त्या गृहस्थांनी घेतली नाही. दुसऱ्याने क्रॉन या वेळापत्रकाने कामं चालवणाऱ्या प्रोग्राममधलं ॲट-रीबूट, म्हणजे 'रीस्टार्ट झालं की चालव', सुचवलं, आणि नेट उशिरा येतं म्हणून आधी स्लीप 30, म्हणजे तीस सेकंद थांब. सोमवारी चाललं, मंगळवारी नाही. तिसऱ्याचं एकच पालुपद, "मॅन पेज वाचलंस का?" ते माहितीपत्रक वाचलं होतं हो! डेबियन या लिनक्सने 2015 साली आठव्या आवृत्तीत सिस्टमडी डीफॉल्ट केलं, आणि तुला अजून काय कधी चालवायचं ते त्याला सांगणारी युनिट फाइल लिहिता येत नाही, असा एकूण सूर. चौथे तर अर्धा तास सिस्टमडीच्या आधीच्या जुन्या इनिटच्या आठवणीच काढत बसले. माझी स्क्रिप्ट राहिली बाजूला.

तुम्ही आधी सल्ला दिलाच नाहीत. म्हणालात, "जर्नलमध्ये काय आलंय ते वाचून दाखवा. एक शब्द गाळू नका." मी सिस्टमडीची ती नोंदवही वाचली, नेटवर्क अनरीचेबल, म्हणजे नेटपर्यंत पोचताच येत नाही. तुम्ही हसलात, पण मला नाही. "नेटवर्क-टार्गेट या नावाने मीही फसलेय, दोन रात्री घालवल्यात. ते लागलं म्हणजे नेट आलं असं नसतं." नेट खरंच आल्याची खूण नेटवर्क-ऑनलाइन, ती वेगळी, आणि युनिट फाइलमधल्या 'आफ्टर'ने नुसता रांगेतला नंबर ठरतो, बोलावणं धाडायचं तर 'वॉन्ट्स' लागतं, एवढं दोन वाक्यांत समजावलंत. बाकीचा तपशील इथे नको.

मग म्हणालात, "करा रीस्टार्ट. मी थांबते."

ताई, खरे आभार या दोन शब्दांचे. आजवर प्रत्येकाने "करून बघ" म्हणत फोन ठेवला होता. तुम्ही थांबलात. काळ्या पडद्यावर ओळी सरकत होत्या, तुमच्या बाजूने कीबोर्डची टकटक ऐकू येत होती, आणि मध्येच शांतपणे, "आलं का लॉगिन?"

आलं. स्क्रिप्ट पुन्हा आपटली. या वेळी होस्ट-की, म्हणजे दुसऱ्या मशीनची ओळख, पटेना. सर्व्हिस चालते रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने, आणि माझ्या सगळ्या किल्ल्या माझ्या होम फोल्डरमध्ये. मी ओशाळून "सॉरी" म्हणालो. तुम्ही म्हणालात, "सॉरी कसलं, पुढची चूक दिसली म्हणजे मागची सुटली. 'युजर'ची ओळ घाला, म्हणजे ती तुमच्या नावाने चालेल. मी आहे."

माहिती असणारे पुष्कळ भेटतात, आणि ती ते अशी फेकतात की झेलणाऱ्याच्या कपाळाला टेंगूळ यावं. समोरच्याचं मशीन उठेपर्यंत गप्प बसून राहणं फार थोड्यांना जमतं. त्याला ना कौशल्य लागतं ना पदवी.

तिसऱ्या रीस्टार्टला फाइली गेल्या. मी ओरडलोच! तुम्ही मात्र, "अजून एकदा करा. एकदा चाललं ते सोमवारीही चाललं होतं."

चौथ्यांदाही चाललं. मग तुम्ही फोन ठेवलात.

स्लीप 30 ची ओळ मी पुसलेली नाही. पुढे हॅश लावून, म्हणजे ती चालणार नाही अशी करून, तशीच ठेवली आहे, बाकीच्या सल्लागारांची आठवण म्हणून.

तुमचा,
चार वेळा रीस्टार्ट करणारा