आजीला अर्जातून काढ

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला कॉलेजच्या पुनर्प्रवेशाच्या अर्जाचा फोटो काल रात्री पाहिला. फोनच केला असता, पण फोनवर तू नुसता ‘हो बाबा, हो बाबा’ करतोस, म्हणून लिहायला बसलो.

पहिल्याच वाक्यात तू आजीला आजारी पाडलंस. आजी या क्षणी ओसरीवर बसून शेजारणीच्या पापडांना नावं ठेवते आहे. पंचायत समितीत आवक-जावकच्या टेबलावर माझी २४ वर्षं गेली. ‘घरगुती अडचणींमुळे’, ‘आजारपणामुळे’ हे इतक्या अर्जांत वाचलंय की आता डोळा तिथे थांबतच नाही. शिवाय आजारपण लिहिलंस की डॉक्टरांचा दाखला मागतील. तो मी आणून देणार नाही.

झालं ते लिही. तिसऱ्या सत्रात गणित झेपेना, तू तास बुडवायला लागलास, हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली, परीक्षेला बसला नाहीस. मग वर्षभर कुरियरच्या गोदामात काम केलंस. हे चार ओळींत मावतं. आम्हाला आठ महिने पत्ता लागू दिला नाहीस, ते अर्जात नको. त्याचं तू आणि तुझी आई बघून घ्या.

‘आजन्म ऋणी राहीन’ वगैरे खोड. विषयाच्या ओळीत ‘द्वितीय वर्ष बी.एस्सी., तिसऱ्या सत्रात पुनर्प्रवेश मिळण्याबाबत’ एवढंच. खाली पीआरएन, म्हणजे तुझा विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, आणि कॉलेजला येणं कधीपासून बंद झालं ती तारीख. पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटलेत, ही तुझी जमेची बाजू, आणि नेमकी तीच तू लिहिली नाहीस! गुणपत्रिका जोड. त्या विषयांचे क्रेडिट (श्रेयांक) तुझ्या एबीसी खात्यात, म्हणजे ते जमा होतात त्या ऑनलाइन खात्यात, चढलेत का बघ. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे ते जास्तीत जास्त ७ वर्षं धरता येतात. मध्ये अभ्यासक्रम बदलला असेल तर कोणते विषय नव्याने करावे लागतील, हे अर्ज देण्याआधी ऑफिसात विचार.

आणि प्राचार्य हमखास विचारतील तो प्रश्न: पुन्हा गणित अडलं तर? यावर तुझ्या अर्जात अवाक्षर नाही. ‘मन लावून अभ्यास करीन’ हे उत्तर नव्हे. गोदामाची रात्रपाळी सोडणार आहेस का? शिकवणी लावणार का? ठरव, मग लिही. फीची काळजी करू नकोस, पण शिकवणीचा आकडा आधी कळव.

दोन प्रती काढ. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. ‘साहेब जेवायला गेलेत’ म्हणाले तर तिथेच बस. मीही लोकांना हेच सांगत आलोय, आणि बसून राहिलेल्यांचे कागद संध्याकाळच्या आत पुढे सरकवलेत.

तुझे,
बाबा

ता. क. आईने आजीला अर्ज वाचून दाखवला. पापडांचा डबा तूर्त पाठवत नाही.