आईचं नागरिकत्व लेकीला, लेकाला नाही?

मा. संपादक, स.न.वि.वि.

आम्ही नांदेडचे दखनी शीख, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. माझी बहीण लग्न करून नैरोबीला गेली. तिकडे रेल्वेच्या कामाला १८९६ पासून पंजाबातनं माणसं नेली होती, त्यातल्याच एका सुतार घराण्यातलं सासर, दाजी केनियाचे नागरिक. बहिणीनं मात्र भारतीय पासपोर्ट कधी सोडला नाही. तिला दोन मुलं, मुलगा १९८८ चा, मुलगी १९९४ ची.

भाची आईमुळं जन्मानंच भारतीय, कारण १० डिसेंबर १९९२ पासून कायदा आई किंवा वडील कुणीही भारतीय असले तरी चालतं म्हणतो. त्याआधी परदेशात जन्मलेल्यांना फक्त वडिलांकडून नागरिकत्व मिळायचं, म्हणून भाचा परदेशी! मागे त्याच्यासोबत एका ऑफिसात गेलो होतो, बहिणीचा नांदेडचा जन्मदाखला, जुना निळा पासपोर्ट, सगळं खिडकीतनं आत सरकवलं. बाईंनी नीट बघितलं आणि म्हणाल्या, आईचं नको, वडिलांचं काय आहे? भाचा म्हणाला, मामाजी, मग आई कोण होती?

आता लोक म्हणतील ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) आहे की. आहे ना, व्हिसाची कटकट नाही, पण मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. कार्डाला ५ वर्षं झाली आणि इथं १२ महिने राहिलं की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो हेही माहितीय, पण तो अर्ज झाला, सरकारनं दिलं तर दिलं. बहिणीला जे जन्मानं मिळालं ते भावानं मागत का बसायचं?

दोन पासपोर्ट पाहिजेत असं आमचं म्हणणं नाही, केनियाचा सोडायला तो तयार आहे. आणि शिखांसाठी वेगळं काही नको, आखातातल्या नाहीतर आफ्रिकेतल्या कुठल्याही घरात हे झालं असेल. इंग्रजांचा कायदापण १९८३ पर्यंत असाच होता, परदेशात जन्मलेल्या मुलाला आईचं नागरिकत्व नाही, पण त्यांनी २००२ मध्ये कायदा करून अशा मुलांना नोंदणीची वाट करून द्यायला सुरुवात केली. आपल्याकडं १९९२ ची दुरुस्ती करताना मागच्यांचा विचारच झाला नाही, तो आता करावा, एवढंच मागणं आहे.

यंदाही भाचा हल्लाबोलला, म्हणजे इथल्या गुरुद्वाऱ्याच्या मिरवणुकीला, आला होता, गुलालानं लाल झालेला, गर्दीत त्याच्या बहिणीच्या पोराला खांद्यावर घेऊन. ते पोरगं भारतीय, मामा परदेशी.

एक वाचक, नांदेड